सांभाळून घेणारं औषध

मागच्या आठवड्यात दुपारी, म्हणजे दुकानात माशा मारायचा टाईम असतो तेव्हा, एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, आला. नवीन पोरगा, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बॅगेतून चकचकीत फोल्डर काढलं आणि सुरू झाला, सर हे कॉम्बिनेशन म्हणजे शुगर पेशंटसाठी एकदम आयडियल आहे, तीन औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास. मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग एवढंच विचारलं की भाऊ, माझी एक पेशंट आहे, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते, सकाळी सहाला निघते, जेवते दुपारी तीनला आणि तेही मिळालं तर, तिनं हे अर्धा तास आधी नेमकं केव्हा घ्यायचं? आणि दोन दिवस विसरली तर काय होईल? तो म्हणाला, सर कंप्लायन्स तर पेशंटला ठेवावाच लागेल नं.

कंप्लायन्स म्हणजे सांगितलं तसं आणि सांगितलं तेव्हा औषध घेणं, आणि माझं सगळं भांडण त्या एका वाक्याशी आहे.

मी मानेवाडा रोडच्या बाजूला मेडिकल चालवतो (मेडिकल म्हणजे दुकान, मेडिकल चौकातलं मेडिकल नाही, नागपुरात हे सांगावंच लागतं). फार्मसीला असताना आम्हाला आयडियल ड्रगची यादी पाठ करायला लावायचे. परिणामकारक पाहिजे, सुरक्षित पाहिजे, नेमक्या जागीच काम करणारं पाहिजे, दुसऱ्या औषधाशी भांडणारं नको, टिकणारं, स्वस्त, घ्यायला सोपं, वगैरे. आणि सर शेवटी म्हणायचे की असं औषध जगात एकही नाही, लिहा पुढचा मुद्दा. यादी चुकीची नाहीच, पण ती यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यासमोर असा एक पेशंट होता जो रोज टायमावर उठतो, टायमावर जेवतो, चष्मा लावून चिठ्ठी वाचतो, घरी फ्रीज आहे, लाईट जात नाही, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतरही खिशात पैसे असतात. असा पेशंट मला काउंटरवर क्वचितच दिसतो. मी स्वतःही तसा नाही, माझी बीपीची गोळी आठवड्यातून एकदा तरी राहतेच, आणि मी दुकानातच बसून असतो हो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेशंटच्या बाजूनं पाहिलं तर औषधाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यानं माणसाला सांभाळून घेणं. माणूस चुकेल, विसरेल, गोळी उन्हात ठेवेल, दोन दिवस गावी जाईल, पाचच गोळ्या घेईल, आणि एवढं होऊनही औषधानं जमेल तितकं काम केलं पाहिजे. हे गुण प्रयोगशाळेत दिसत नाहीत, ते दिसतात स्वयंपाकघरातल्या फळीवर. आणि औषध कोणतं बनवायचं, कसं पॅक करायचं, सरकारनं कोणतं विकत घ्यायचं, डॉक्टरनं कोणतं लिहायचं हे ठरवताना या गुणाला मार्कच नसतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये एक रिपोर्ट काढला होता, त्यात होतं की श्रीमंत देशांमध्येसुद्धा जुनाट आजारांची औषधं नीट घेणारे पेशंट सरासरी ५० टक्केच असतात. म्हणजे अर्धे. जिथं विमा आहे, फॅमिली डॉक्टर आहे, घरपोच औषध आहे, तिथं अर्धे. मग आपल्याकडे पेशंटला बेजबाबदार म्हणायचा हक्क कोणाला आहे? निम्मे लोक जर एखादी गोष्ट नीट वापरू शकत नसतील तर दोष वस्तूच्या घडणीत शोधायचा असतो. कुकरची शिट्टी निम्म्या घरात उडाली असती तर आपण बायकांना कुकरचा कंप्लायन्स शिकवला असता का, कंपनीला धरलं असतं.

आता सांभाळून घेणं म्हणजे काय ते एका गोळीवरून सांगतो. अम्लोडिपिन. बीपीची, छोटीशी, स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळते. तिचं अर्धं औषध अंगातून जायलाच ३० ते ५० तास लागतात, म्हणजे आज सकाळची गोळी राहिली तर उद्यापर्यंत कालची गोळी थोडीफार खिंड लढवते. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फारसा फरक नाही. पाय सुजतात काहींचे, तो त्रास आहे, नाही असं नाही. पण विसरभोळ्या माणसासाठी ही गोळी म्हणजे जुन्या काळच्या मोठ्या काकूसारखी आहे, बोलणार काही नाही पण घर पडू देणार नाही. उलट क्लोनिडिन घ्या, तीही बीपीचीच, पण अचानक बंद केली की बीपी उसळून वर येतो. बीपी कमी करणं दोघींचं कामच आहे, पण पेशंट लग्नाला अमरावतीला गेला आणि गोळ्या घरीच विसरला तर त्या दोन दिवसांत या दोन गोळ्या दोन वेगळी माणसं आहेत.

थायरॉइडची गोळी आणखी मजेशीर. विसरण्याच्या बाबतीत एकदम दिलदार, कारण ती अंगात आठवडा आठवडा रेंगाळते, पण चहाच्या बाबतीत खडूस. उपाशीपोटीच पाहिजे, चहा नंतर, लोहाची नाहीतर कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब. आता गर्भार बाईला लोह, कॅल्शियम, थायरॉइड हे तिन्ही एकाच चिठ्ठीवर असतं आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं फक्त एक-शून्य-शून्य, म्हणजे सकाळी एक. तिची सासू विचारते, "तिन्ही एकाच टायमाले दिल्या तं चालते काय?" आणि हे सांगणं माझ्यावर येतं, जेव्हा मागं सहा माणसं उभी असतात आणि एक जण हजार रुपयाची नोट हलवत डोक्याच्या गोळीचा एक पत्ता मागत असतो. (हो, हजाराची नोट बंद झाली, पाचशेची म्हणा, सवय आहे.)

मागं आमच्याच गल्लीतले एक काकाजी आले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर उघडली. आत गोळी. म्हणे, "पाय बरं, हे तुह्या दुकानातली गोळी. जशी गिळली तशी निघाली. पैसे पाण्यात." ती मेटफॉर्मिनची एसआर गोळी होती. या गोळ्यांमध्ये औषध हळूहळू झिरपून बाहेर येतं आणि वरचं कवच, सांगाडा म्हणा, तसाच संडासावाटे निघतो. औषध अंगात गेलेलं असतं. कंपनीच्या इंग्रजी माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण काकाजींना कोणीच सांगितलं नाही, डॉक्टरनं नाही आणि मीही नाही, खोटं कशाला बोलू. काकाजींनी महिनाभर गोळी बंद ठेवली होती, शुगर तीनशेच्या वर. चूक त्यांची? मला तर वाटतं ज्या माणसानं संडासात पडलेली गोळी काढून, धुऊन, पुडीत बांधून दुकानात आणली त्याच्याइतका जागरूक ग्राहक मी पाहिला नाही.

बरं, आता ऊन. यावर पुण्या-मुंबईचे लोक हसतात पण नागपुरात हा औषधाचा अर्धा प्रश्न आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ पर्यंत गेलेला आहे. (२०२४ मध्ये तर शहरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ दाखवले आणि देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्हाला मात्र त्या दिवशी ते खरंच वाटलं होतं.) गोळीच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं, ३० डिग्रीच्या खाली ठेवा. औषध किती टिकतं याची टेस्ट करतात तेव्हा लांब पल्ल्याची टेस्ट ३० डिग्रीच्या आसपास करतात आणि मुद्दाम जास्त उष्णतेत ठेवून जी घाईची टेस्ट करतात ती सहा महिने ४० डिग्रीला. म्हणजे ज्याला हे लोक औषधाला छळणं म्हणतात ते आमच्याकडे एप्रिलचं साधं हवामान आहे. आणि ॲक्टिव्हाच्या डिक्कीत दुपारी किती होत असेल ते सीटवर बसणाऱ्याला विचारा.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची, वापरायला काढलेली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे २५-३० डिग्री. आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखालीच चाळीस असतात. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना मी माठ सांगतो. छोटा मातीचा माठ, त्यात वाळू, वाळू ओली ठेवायची, मधात डब्यात बंद केलेली बाटली, वरून ओलं फडकं. कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं कारण पाणी भरभर उडतं आणि माठ थंड होतो, कूलर चालतो त्याच नियमानं. जुलैत हवा दमट झाली की तितकं चालत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. आणि फ्रीज असला तरी सुख नाही, कारण लोक बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

त्यातच आपल्या देशाची एक खास करामत आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंज पण दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. आता लाल आणि केशरी. संध्याकाळी सहाच्या उजेडात, मोतीबिंदू झालेल्या माणसानं, लाल आणि केशरी ओळखायचं. कार्ट्रिजमधलं औषध कोणी ४० च्या सिरिंजनं ओढलं तर अडीच पट डोस जातो, आणि बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजनं घेतलं तर निम्म्याहूनही कमी. जगात बहुतेक ठिकाणी १०० हेच एक माप ठेवलंय. आपण दोन ठेवले आणि मग पेशंटला शिकवायला पोस्टर छापले. कोणी बसून ठरवलं असतं की चूक व्हावीच, तर याहून चांगलं काही सुचलं नसतं.

नावाच्या गोंधळाबद्दल बोलताना मला जरा अवघड होतं कारण यात चूक आमच्या काउंटरवरची आहे. दिघोरीकडची एक आजी, सत्तरीच्या वरची, शुगरची ग्लिमेपिराइड घ्यायची. सरकारीतून एका नावाची गोळी मिळायची, मधल्या काळात तिथं स्टॉक संपला म्हणून नातवानं आमच्याकडून दुसऱ्या कंपनीची नेली. मग सरकारीत परत सुरू झाली. आजीच्या डब्यात आता एक हिरवट गोळी आणि एक गुलाबी. आजीनं दोन्ही घ्यायला सुरुवात केली, कारण दोन रंग म्हणजे दोन औषधं, हा हिशेब कोणीही असाच करेल. तिसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला, बरळायला लागली, शेजारीण हुशार म्हणून तिनं गुळाचं पाणी पाजलं आणि ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. वाचली. दहा दिवसांनी दुकानात आली तेव्हा मला म्हणाली, "मी तं तुमी देल्ले तेवढंच खाल्लं बाप्पा." मी काय बोलणार. नातू उभा होता तेव्हा आमच्या पोरानं एकदा विचारलं असतं की घरी दुसरी शुगरची गोळी आहे का, बस, एवढंच हवं होतं.

यावर जेनेरिकवाले म्हणतील, म्हणूनच डॉक्टरांनी जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव, लिहावं. बरोबर आहे पण अर्धंच. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं तसा नियम आणला होता, डॉक्टर लोकांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात नियम बाजूला ठेवला गेला. ओरड करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो, नाव जेनेरिक लिहिलं की ब्रँड कोणता द्यायचा ते मी ठरवणार, आणि मी ठरवताना मला मार्जिन कुठं जास्त आहे हे दिसतं, मी काही संत नाही. पण दुसरा मुद्दा कोणीच काढत नाही की नियमानं पत्त्यावर औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन साइझ मोठं छापायचं आहे, २०१८ पासून, आणि त्यातून सूट कोणाला तर तीन किंवा त्याहून जास्त औषधं एकत्र केलेल्या कॉम्बिनेशन गोळ्यांना. आपल्या बाजारात त्या काही कमी नाहीत. आणि मोठं छापून तरी ते इंग्रजीत. आजीला ते दोन साइझ मोठं असो की दहा. मला विचाराल तर प्रत्येक पत्त्यावर मराठीत एक शब्द पाहिजे, शुगर, बीपी, थायरॉइड, झटका, एवढाच. आणि तो शब्द पत्त्याच्या प्रत्येक गोळीमागं पाहिजे, कारण आम्ही पत्ता कापतो. लोक पाच गोळ्या मागतात, तेवढेच पैसे असतात, आम्ही कैची चालवतो, नाव एकीकडे जातं आणि एक्स्पायरी दुसरीकडे राहते.

हे झालं घरातलं. आता विदर्भाच्या आजाराकडे येतो, सिकलसेल, रक्तपेशींचा, आईबापाकडून येणारा आजार. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा आणि आमच्या नागपुरातल्याही किती घरात हा आजार आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको, पिवळे डोळे आणि सांध्यात मरणाचं दुखणं, शाळा बुडते, नोकरी जाते. त्यावरचं कामाचं औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. नवं नाही, १९९५ च्या चाचणीत मोठ्या पेशंटचे दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यानं कमी झाले होते आणि अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मंजुरी मिळाली. सरकारी योजनेत ते फुकट देतात. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणून.

पण औषधाचा आकार बघा. काउंटरवर सहज मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. १२ किलोचं पोरगं, किलोमागं २० मिलिग्रॅम धरले तर त्याला पाहिजे २४०. मग आई काय करते, कॅप्सूल उघडते, पावडर कागदावर टाकते, ब्लेडनं अर्धी करते आणि पाण्यात कालवते. हे औषध असं आहे की ते हाताळताना नर्सनं हातमोजे घालावे असं म्हणतात, आणि इथं आई चुलीपाशी बसून पावडर वाटते, पोटात दुसरं मूल असेल तर आणखीच भानगड. पातळ औषध विदेशात मिळतं पण त्यातलं एक फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. फ्रीज. भामरागडला, गडचिरोलीच्या जंगलात. वरून रक्ताची तपासणी दर काही आठवड्यांनी, म्हणजे एसटी, एक दिवसाची मजुरी, सोबत एक माणूस, त्याची मजुरी. फुकट औषधाचं बिल असं निघतं.

दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते पण पाहा. २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत सिकलसेलवर जीन बदलणारा उपचार मंजूर झाला, कॅसजेव्ही, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. खरंच मोठी गोष्ट आहे, विज्ञानाला सलाम, टोमणा नाही मारत. आणि व्हॉक्सेलोटर नावाची एक नवी गोळी २०१९ मध्ये धूमधडाक्यात आली होती, ती २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं जगभरातून परत घेतली कारण घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि दुखण्याचे झटके जास्त दिसायला लागले. या सगळ्यात जुनं हायड्रॉक्सियुरिया आपल्या जागी उभं आहे. त्याच्यावर खरं काम काय बाकी आहे तर लहान पोरांच्या मापाची गोळी किंवा बाहेर टिकणारं सिरप गावच्या उपकेंद्रापर्यंत नेणं, आणि रक्ताची तपासणीही तिथंच करणं. यात नोबेल मिळत नाही, म्हणून त्याच्या बातम्या होत नाहीत.

टीबीच्या बाबतीत मात्र मला मानावं लागेल की सरकारनं शहाणपण दाखवलं, उशिरा का होईना. आधी एक दिवसाआड सात-सात गोळ्या असायच्या, आज आहे की उद्या हेच पेशंटला कळायचं नाही. २०१७ पासून रोजची, एकत्र केलेली, वजनाप्रमाणे ठरलेल्या गोळ्या. रोजची गोष्ट लक्षात राहते, एक दिवसाआडची राहत नाही, हे कोणत्याही दूधवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. औषध न जुमानणाऱ्या टीबीला तर आधी दोन-दोन वर्षं उपचार आणि रोजचे इंजेक्शन होते, त्यानं काही पेशंट बहिरे झाले. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन त्यातल्याच, टीबीतून बऱ्या झाल्या पण कान गेले. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या अशाच टीबीवरच्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवायला विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट ऑफिसनं कंपनीचा अर्ज फेटाळला. २०२४ मध्ये सरकारनं सहा महिन्यांच्या, इंजेक्शन नसलेल्या उपचाराला मंजुरी दिली, त्यात हेच औषध आहे. मी मुद्दाम हे सांगतोय कारण आमच्या धंद्यात असा समज आहे की पेशंटला काय कळतं. ज्या दोन बायका स्वतः त्या औषधांखालून गेल्या त्यांनाच बरोबर कळलं की चांगलं औषध कशाला म्हणायचं, बरं तर करावंच पण कान पण ठेवावे.

आणि तरी, पेशंटला जे आवडतं ते चांगलं, असं मी म्हणत नाही. उलट आहे. माझ्या दुकानात सगळ्यात आवडतं औषध कोणतं सांगू, गजकर्णाची ट्यूब, ज्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसात खाज गायब, पेशंट खुश, शेजाऱ्याला पण सांगतो. तिसऱ्या आठवड्यात गजकर्ण मांडीवरून पोटावर, पोटावरून घरातल्या पोरावर, आणि कातडी पातळ होऊन रेषा पडतात त्या वेगळ्याच. ही ट्यूब लाड करते, सांभाळून घेत नाही. तसंच सलाईनचं. उन्हाळ्यात माणूस हगवणीनं गळून आला की घरचे म्हणतात सलाईन लावा, लावली की समाधान. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि पाणी, बाकी काही नाही.

त्यापेक्षा ओआरएसची पुडी पाहा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याचे पिंप भरून ठेवले आणि पेशंटच्या घरच्यांनाच पाजायला सांगितलं. मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ वर आलं. बघा, डॉक्टर नाही, नर्स नाही, पाजणारी आई. पाणी ओकून टाकणारं मूल असलं तरी दहा मिनिटांनी चमचा चमचा परत द्या. थोडं कमी प्यालं तरी थोडा फायदा, जास्त प्यालं तरी सहसा बिघडत नाही, उन्हात पुडी पटकन खराब होत नाही, किंमत चहा-बिस्किटाच्या आसपास. मी तर म्हणेन आयडियलच्या सगळ्यात जवळ हीच.

पण हिची पण एक खोड आहे. पुडी एक लिटरची, आणि आपल्या घरात एक लिटरचं माप म्हणजे फक्त बिसलेरीची बाटली. लोक अर्धी पुडी ग्लासात टाकतात, घट्ट होतं, मूल थुंकतं, म्हणजे उलट मीठ जास्त जातं. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्या निघतात, एक ग्लास एक पुडी, पण त्या कोणी मागत नाही म्हणून आम्ही ठेवत नाही आणि ठेवत नाही म्हणून कोणी मागत नाही. मधल्या काळात डब्यातलं गोड सरबत ओआरएसच्या नावानं फ्रीजमध्ये येऊन बसलं होतं, साखर कितीतरी जास्त, आणि मीही विकलं, लोक तेच मागायचे. हैदराबादच्या एका मुलांच्या डॉक्टर बाई वर्षानुवर्षं त्यावर भांडल्या तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएसएसएआयनं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला नसेल तर ओआरएस हे नाव लावायचं नाही.

तोच ऑक्टोबर होता. छिंदवाड्याच्या परासियाकडची लहान लहान पोरं किडनी बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांमध्ये येत होती, कित्येक इथंच गेली, एकूण वीसच्या वर. साध्या सर्दीचं सिरप. तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे किडनी बंद पाडणारं विष, निघालं, चालतं किती तर ०.१ टक्का. त्याच्या आदल्याच वर्षी नागपूर ग्रामीण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं होतं, सरकारी दवाखान्यांना गेलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होता म्हणून. सांभाळून घेण्याचा माझा जो सगळा मुद्दा आहे तो फक्त पेशंटपुरता आहे हे इथं सांगितलंच पाहिजे. आईनं चमचा चुकवला तर औषधानं सांभाळून घ्यावं, कारखान्यानं पिंप चुकवलं तर कोणी सांभाळून घ्यायचं नसतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, पेशंटचा हलगर्जीपणा काढायला सगळे तयार आणि कंपनीच्या वेळी चौकशी सुरू आहे. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. ला ग्लिसरीनमध्ये हेच विष निघालं होतं, १४ माणसं गेली, लेंटिन आयोग बसला. इतकी वर्षं झाली.

आणि वरून, त्या सिरपची गरज होती का? लहान पोरांच्या सर्दी-खोकल्यात या सिरपांचा फारसा उपयोग नाही हे डॉक्टर कधीचे सांगतात. डिसेंबर २०२३ मध्येच त्या प्रकारच्या कॉम्बिनेशनवर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापा म्हणून आदेश निघाला होता. छापा. कोणत्या भाषेत, किती मोठं, तेच सगळं परत.

बातमी आली त्या संध्याकाळपासून दुकानात आया यायला लागल्या, हातात अर्धी वापरलेली बाटली. कोणाच्या बाटलीचं नाव वेगळं, कोणाचं लेबल पाण्यानं गेलेलं, एकीनं तर औषध स्टीलच्या छोट्या डब्यात काढून आणलं कारण बाटली फुटली होती. "भाऊ, हे देऊ का नको, तेवढं सांगा." मोबाईलवर स्कॅन करायचा कोड तेव्हा फक्त मोठ्या ३०० ब्रँडना सक्तीचा होता, यांच्या बाटल्यांवर नव्हताच. महाराष्ट्राच्या एफडीएचा मेसेज आला होता, विषारी सिरपची बॅच एसआर-१३. माझ्याकडे ते सिरप कधी नव्हतंच, पण आयांना हे सांगून त्या जात नव्हत्या, त्यांना प्रत्येकीला आपली बाटली कोणीतरी वाचून दाखवायला पाहिजे होती. मग मी आणि आमचा पोरगा रात्री साडेअकरापर्यंत शटर अर्धं ओढून बसलो, एकेक बाटली ट्यूबलाईटखाली धरून, भिंगातून, बॅच नंबर वाचत.